वारसाने आलेले शत्रुत्व

महमूदाबादचे राजा मोहम्मद आमिर मोहम्मद खान, ज्यांना लखनौत सगळे सुलेमान मियाँ म्हणत, ऑक्टोबर 2023मध्ये वारले. त्यांच्यावरचे मृत्युलेख बहुतेक ठरलेल्या वळणाचे होते. केंब्रिजमध्ये गणित शिकून पुढे खगोलशास्त्राकडे वळलेला तालुकदार, उर्दू-फारसीचा जाणकार, मोहरमच्या मजलिसी निष्ठेने पाळणारा यजमान, अवधच्या तहजीबचा उरलासुरला प्रतिनिधी, असे त्यांचे वर्णन आले आणि त्यात खोटे काही नव्हते. पण या माणसाच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टीचे परिणाम त्याच्या घराण्याच्या वेशीबाहेर पोचतात, ती गोष्ट तहजीब नव्हे, खटला आहे. जवळजवळ बत्तीस वर्षे सरकारदरबारी आणि न्यायालयात झगडून त्यांनी सर्वोच्च न्यायालयात निकाल मिळवला आणि बारा वर्षांच्या आत संसदेने तो निकाल ज्या पायावर उभा होता तो पायाच काढून घेतला. हे कोणत्या रीतीने घडले, त्याकडे राजघराण्यांविषयी काडीचीही आस्था नसलेल्या वाचकानेही लक्ष द्यावे, असे मला वाटते.

आधी इस्टेटीविषयी. सीतापूर जिल्ह्यातील महमूदाबादचा किल्ला, त्यातला इमामबाडा आणि हस्तलिखितांचे ग्रंथालय. लखनौच्या हजरतगंजमधील महमूदाबाद मॅन्शन आणि हलवासिया बाजाराच्या इमारती. ब्रिटिश प्रशासक हार्कोर्ट बटलर यांचे नाव मिरवणारा बटलर पॅलेस. नैनितालचे मेट्रोपोल हॉटेल. शिवाय सीतापूर, लखीमपूर खेरी भागात विखुरलेली घरे, जमिनी आणि बंगले, ज्यांपैकी काहींत सरकारी अधिकारी राहत आले. या संपत्तीचा उगम निरागस होता असा दावा करण्याचे कारण नाही. अवधची तालुकदारी म्हणजे कुळांच्या श्रमावर उभी राहिलेली वसुलीची यंत्रणा होती आणि तिला आधुनिक मालकीहक्काचे रूप दिले ते इंग्रजांनी. मार्च 1858मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या जाहीरनाम्याने मोजके अपवाद सोडून अवधमधील जमिनीची मालकी एकजात जप्त केली आणि पुढे शरण आलेल्या तालुकदारांना सनदा देऊन ती परत केली. महमूदाबादचे त्या वेळचे राजे नवाब अली खान 1857च्या उठावात उतरले होते. ते 1858मध्येच वारले आणि इस्टेट पुढे त्यांच्या मुलाकडे राहिली. उठावात उतरलेल्या बापाचा वारस असूनही त्या घराण्याची इस्टेट साम्राज्याने शेवटी त्याच घराण्यात ठेवली, हा तपशील पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावा.

अशी संपत्ती लोकशाही राज्याने काढून घेऊ नये, असेही माझे म्हणणे नाही. उत्तर प्रदेशचा जमीनदारी निर्मूलन कायदा 1952मध्ये अमलात आला आणि महमूदाबादसह सगळ्या तालुकदारांच्या शेतजमिनीवरचा मध्यस्थ हक्क गेला. कायद्याने एक तत्त्व जाहीर केले, ते त्या वर्गातील सर्वांना लागू केले, रोख्यांच्या रूपाने का होईना भरपाई दिली आणि मालकाच्या धर्माची वा राजकारणाची चौकशी केली नाही. संस्थानिकांच्या तनख्यांचेही तसेच म्हणता येईल. डिसेंबर 1970मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश रद्द ठरवला, तेव्हा इंदिरा गांधींच्या सरकारने निवडणूक लढवली, बहुमत मिळवले आणि 1971मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखे बंद केले. त्या निर्णयावर टीका करता येते, पण तो उघडपणे, घटनादुरुस्तीला लागणारे विशेष बहुमत मिळवून, आणि काय करतो आहोत हे स्पष्ट सांगून घेतलेला होता. सुलेमान मियाँच्या प्रकरणात यातले काहीच आढळत नाही.

त्यांचे वडील मोहम्मद आमिर अहमद खान हे मुस्लिम लीगचे ऐन तारुण्यातले नेते आणि जिनांच्या निकटवर्तीयांपैकी एक. फाळणीच्या सुमारास ते इराकला गेले, 1957मध्ये त्यांनी पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले, पुढे लंडनला स्थायिक झाले आणि 1973मध्ये तिथेच वारले. पत्नी आणि मुलगा मात्र भारतात राहिले, भारताचे नागरिक म्हणून. 1965च्या युद्धात भारत संरक्षण नियमांखाली पाकिस्तानी नागरिकांची भारतातील मालमत्ता ‘शत्रू संपत्तीच्या कस्टोडियन’कडे निहित करण्यात आली आणि आणीबाणीतले ते नियम संपुष्टात आल्यावर ही व्यवस्था चालू ठेवण्यासाठी 1968चा शत्रू संपत्ती कायदा झाला. महमूदाबादची इस्टेट त्यात गेली, कारण कागदोपत्री मालक पाकिस्तानी नागरिक होता. इथवर तर्क समजण्यासारखा आहे. युद्धकाळात शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला आपल्या भूमीतील संपत्तीचा उपयोग करू न देणे ही बहुतेक राष्ट्रांची रीत आहे आणि आपल्याकडे तर कस्टोडियनची संस्थाच मुळी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश व्यवस्थेतून आलेली.

सगळा वाद आहे तो कस्टोडियनकडे नेमके काय गेले यावर. ताबा, व्यवस्थापन आणि नियंत्रण त्याच्याकडे गेले, की स्वामित्वच गेले? गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली दिली म्हणून घर शेजाऱ्याचे होत नाही, ही सर्वसाधारण समजूत 1968च्या कायद्याच्या रचनेशी बऱ्याच अंशी जुळत होती. कारण त्या कायद्यात संपत्ती जपण्याची आणि सरकारच्या आदेशाने ती मालकाला परत करण्याची तरतूद होती, आणि ‘शत्रू’ या व्याख्येतून भारतीय नागरिकाला स्पष्ट शब्दांत वगळले होते. वडील गेल्यावर सुलेमान मियाँनी संपत्ती परत मिळावी अशी सरकारकडे मागणी केली. सरकारने 1981मध्ये पंचवीस टक्के मालमत्ता मोकळी करण्याचे मान्य केले, पण आधी वारसा सिद्ध करा असे सांगितले. 1986मध्ये लखनौच्या दिवाणी न्यायालयाने ते एकमेव वारस असल्याचा निवाडा दिला. तरीही संपत्ती मिळेना. याच काळात, 1985 आणि 1989मध्ये, महमूदाबादच्या मतदारांनी त्यांना काँग्रेसच्या तिकिटावर दोनदा विधानसभेत पाठवले. राज्याचे कायदे करण्याइतका हा मनुष्य भारतीय होता; वडिलांच्या घराची किल्ली मिळण्याइतका मात्र नव्हता.

कस्टोडियनचे मुख्यालय त्या काळी मुंबईत होते आणि खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. 2001मध्ये त्या न्यायालयाने सुलेमान मियाँच्या बाजूने निकाल दिला आणि 21 ऑक्टोबर 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निकालाचा गाभा असा होता, की निहित होणे हे मर्यादित हेतूसाठी होते, स्वामित्व मूळ मालकाकडेच राहिले, त्याच्या मृत्यूनंतर ते वारसा कायद्याने भारतीय नागरिकाकडे आले आणि त्या क्षणी ती संपत्ती शत्रूची राहिली नाही. यात कुणावर दया दाखवलेली नव्हती आणि भूतकाळातले कुणाचे राजकारण माफही केलेले नव्हते. शत्रुत्व ही एका व्यक्तीची, एका काळातली कायदेशीर अवस्था आहे, ती व्यक्तीबरोबर संपते, एवढाच कोरडा आणि अचूक निष्कर्ष होता.

पुढे जे झाले त्याला दोन्ही मोठे पक्ष जबाबदार आहेत, हे नोंदवले पाहिजे, कारण या प्रश्नाला एकाच सरकारच्या विचारसरणीचे फलित मानले की यंत्रणेकडे दुर्लक्ष होते. 2010मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने निकाल निष्प्रभ करणारा वटहुकूम काढला. त्यामागून विधेयके आली, पण कायदा झाला नाही. भाजप आघाडीच्या सरकारने 7 जानेवारी 2016 रोजी नवा वटहुकूम काढला. राज्यसभेने विधेयक प्रवर समितीकडे पाठवले, समितीत भिन्नमतपत्रिका जोडल्या गेल्या, आणि त्या दरम्यान तोच वटहुकूम पुन्हा पुन्हा, एकूण पाच वेळा, काढण्यात आला. वटहुकमांच्या या पुनरावृत्तीचे शास्त्र आपल्याला नवे नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमध्ये 1967 ते 1981 या काळात 256 वटहुकूम निघाले आणि त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले, हे चिकाटीने शोधून काढले होते आणि त्यांच्याच याचिकेवर 1986मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला घटनेशी केलेली लबाडी ठरवले होते. 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बिहारच्याच दुसऱ्या प्रकरणात हाच विचार अधिक कडक शब्दांत मांडला. त्या दिवशी शत्रू संपत्तीचा पाचवा वटहुकूम अमलात होता! मार्च 2017मध्ये, विरोधकांनी सभात्याग केलेल्या राज्यसभेत विधेयक मंजूर झाले आणि त्याच महिन्यात त्याचा कायदा झाला.

त्या कायद्याच्या कलमांतून चालत गेले की रचनेतले कौशल्य दिसते. पहिली हालचाल व्याख्येत आहे. ‘शत्रू’ या संज्ञेत शत्रूचा कायदेशीर वारस आणि उत्तराधिकारी, तो भारताचा नागरिक असो वा नसो, समाविष्ट करण्यात आला. म्हणजे नागरिकत्वाची जी ढाल 1968च्या मजकुरात होती तीच काढली. मग शत्रू मेला, त्याने राष्ट्रीयत्व बदलले, किंवा वारस भारतीय असला, तरी संपत्ती कस्टोडियनकडेच राहील असे म्हटले. त्याला जोडून, अशा संपत्तीला वारसा कायदाच लागू होणार नाही अशी तरतूद केली. आणि ताब्याऐवजी सर्व हक्क, स्वामित्व व हितसंबंध निहित झाले आहेत असे जाहीर केले. हे सगळे पूर्वलक्षी प्रभावाने, जणू 1968पासून कायदा असाच होता असे मानून. त्यामुळे 2005चा निकाल चुकीचा आहे असे संसदेला म्हणावेच लागले नाही. निकालाने ज्या मजकुराचा अर्थ लावला तो मजकूरच कधी अस्तित्वात नव्हता, असे ठरले. शेवटी दिवाणी न्यायालयांचे अधिकारक्षेत्र बंद केले आणि दाद मागण्याची वाट उच्च न्यायालयापुरती अरुंद केली.

न्यायनिर्णयाचा पाया पूर्वलक्षी दुरुस्तीने बदलण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, हे आपल्या न्यायालयांनी विशेषतः करांच्या बाबतीत फार पूर्वीपासून मान्य केले आहे. वसुलीत तांत्रिक दोष राहिला तर तो दुरुस्त करता यावा, हा त्यामागचा व्यवहार्य हेतू होता. इथे तेच साधन एका माणसाची कायदेशीर ओळख मागच्या तारखेने बदलण्यासाठी वापरले गेले. 1973मध्ये वारस झालेला नागरिक 2017मध्ये 1968पासूनचा शत्रू ठरला. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गेलेला असल्यामुळे उरते ते अनुच्छेद 300-अ, आणि तिथे संरक्षण आहे ते ‘कायद्याच्या अधिकाराशिवाय’ हिरावून घेण्यापासून. कायदाच हिरावणारा असेल तर हे संरक्षण किती खोल जाते, याचे उत्तर समतेच्या आणि वाजवीपणाच्या निकषांवर न्यायालयाला द्यावे लागेल. दुरुस्तीला आव्हान दिले गेले आहे.

सरकारची बाजू पोकळ नाही. 1965च्या युद्धानंतरच्या ताश्कंद करारात भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी एकमेकांच्या ताब्यात घेतलेल्या संपत्तीविषयी चर्चा करायचे ठरले होते. पाकिस्तानने मात्र आपल्याकडील भारतीयांची संपत्ती 1971मध्ये विकून टाकली, असे सरकार सांगत आले आहे. शिवाय 2005च्या निकालानंतर दावेदारांची रीघ लागली आणि त्यांतले काही दावे तोंडी दानपत्रांवर व संशयास्पद कागदांवर आधारलेले होते. यातील दुसऱ्या मुद्द्याला उत्तर आहे ते पुराव्याच्या कसोशीचे. बनावट दावा दिवाणी न्यायालयात टिकत नाही, आणि म्हणूनच दिवाणी न्यायालय बंद करणे हा त्यावरचा उपाय असू शकत नाही. पहिला मुद्दा अधिक गंभीर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. पाकिस्तानच्या कृतीची परतफेड पाकिस्तानी नागरिकाकडून घेणे याला परस्परता म्हणता येईल. भारतीय नागरिकाकडून ती घेण्यासाठी आधी त्याला मनोमन दुसऱ्या देशाचा मानावे लागते. कायद्यात धर्माचा उल्लेख कुठेही नाही. पण 1965मध्ये ज्यांचे आप्त पाकिस्तानी नागरिक होते असे भारतीय बहुसंख्येने कोण, हे सगळ्यांना माहीत आहे.

बहुसंख्येने, पण केवळ तेच नव्हेत. 2023मधील सरकारी आकडेवारीनुसार देशात 12,611 शत्रू मालमत्ता होत्या. त्यांपैकी 6,255 उत्तर प्रदेशात, 4,088 पश्चिम बंगालमध्ये, 208 महाराष्ट्रात आणि 295 गोव्यात. गोव्याचा आकडा महाराष्ट्रापेक्षा मोठा का, याचे उत्तर कराचीत आहे. पोर्तुगीज काळात बार्देस-सासष्टीतली असंख्य ख्रिस्ती कुटुंबे नोकरीधंद्यासाठी कराचीला गेली आणि फाळणीनंतर त्यांच्यापैकी अनेकजण, कोणतीही राजकीय भूमिका न घेता, पाकिस्तानी नागरिक झाले. समजा, बार्देसमधल्या एका घराचा मालक 1963मध्ये वारला. गोव्याच्या दिवाणी संहितेप्रमाणे मुलांचा वाटा मृत्यूच्या क्षणीच उघडतो. एक मुलगा गावात, दुसरा कराचीत. 1965मध्ये कराचीवाल्याचा अविभक्त वाटा कस्टोडियनकडे गेला. घराची वाटणी झालेली नव्हती, तेव्हा कोणती खोली, कोणते माड त्याचे हे कुणालाच माहीत नाही. गावातला भाऊ घर शाकारत राहिला, कर भरत राहिला. कराचीतला भाऊ निपुत्रिक वारला आणि त्याचा वारस हाच गावातला भाऊ. जुन्या कायद्याने त्याच्याकडे वाटा परत येण्याचा मार्ग होता. नव्या कायद्याने, त्या वाट्यापुरता, तो स्वतःच्याच घरात शत्रू आहे. हे उदाहरण मी रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी कायद्याची आहे.

भोपाळमध्ये याच तर्काने अजून मागे उडी घेतली. नवाब हमीदुल्ला खान 1960मध्ये भारतीय नागरिक म्हणून वारले. थोरली मुलगी आबिदा सुलतान 1950मध्येच पाकिस्तानला गेलेली. दुसरी मुलगी साजिदा इथे राहिली आणि केंद्र सरकारने तिलाच वारस म्हणून मान्यता दिली. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर, 2015मध्ये, कस्टोडियनने ती संपत्ती शत्रूची असल्याचे म्हटले, कारण खरी वारस थोरली होती. सरकारने स्वतः दिलेली मान्यताही जिथे पक्की ठरत नाही, तिथे सातबारा, वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा किती पक्का, हा प्रश्न तालुकदार आणि नवाबांपुरता उरत नाही.

ताब्याचे अर्थशास्त्रही पाहायला हवे. कस्टोडियनला इमारत दुरुस्त करण्यात लाभ नाही आणि ती पडली तर तोटा नाही. भाडी दशकानुदशके जुन्या दरांवर गोठलेली असतात. भाडेकरूला जागेचा उपयोग मालकासारखा मिळतो पण डागडुजीची जबाबदारी त्याच्यावर नसते. आणि मूळ मालक परत येण्याची शक्यता दिसू लागली की भाडेकरूचा आणि सरकारचा हितसंबंध एक होतो. हजरतगंजसारख्या ठिकाणी याचा राजकीय दबाव किती होता हे मोजणे अवघड आहे, पण तो नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एखाद्या तत्त्वाऐवजी अशा हितसंबंधांच्या साखळीतून कायदा उभा राहतो, तेव्हा त्याची व्याप्ती ओळखणे कठीण जाते, कारण त्याला आतून थांबवणारे असे काही नसते.

आता विक्री सुरू झाली आहे आणि माझ्या मते सर्वांत निकडीचा भाग हाच आहे. 2018मध्ये मंत्रिमंडळाने 996 कंपन्यांतील सुमारे साडेसहा कोटी शत्रू समभाग विकण्याची कार्यपद्धती मंजूर केली. एप्रिल 2019मध्ये त्यांतले विप्रोचे समभाग विकून सुमारे 1,150 कोटी रुपये आले. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचीही व्यवस्था करण्यात आली आहे. घटनात्मक आव्हान प्रलंबित असताना घर, दुकान वा बाग तिसऱ्या पक्षाला विकली गेली, की त्याचे प्रामाणिक खरेदीदार म्हणून हक्क निर्माण होतात आणि न्यायालयाने उद्या दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली तरी मालमत्ता परत देणे व्यवहारात अशक्य होत जाते. प्रश्न मग स्वामित्वाचा न राहता भरपाईच्या हिशोबाचा होतो. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्रांचे रहिवासी म्हणून ज्यांची संपत्ती जप्त केली त्यांत नाझींनी छळलेले ज्यू होते. ती चूक मान्य करून दाव्यांची छाननी करणारी योजना ब्रिटिश सरकारला उभारावी लागली ती 1999मध्ये, मूळ दावेदार बहुतेक मरून गेल्यावर, आणि पैसा द्यावा लागला सरकारी तिजोरीतून. आपल्या कायद्यात विक्रीची रक्कम थेट भारताच्या संचित निधीत जमा होते, आणि वारसाला त्यातून काही देण्याची तरतूद नाही.